कोल्हे मॅडम 'आत' म्हणाल्या त्याची गोष्ट

ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेवढ्यात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "वाणी सर, तुमच्या टेनिसच्या पंचगिरीवर लिहा. आणि ती 'आत-आउट'ची गोष्ट आलीच पाहिजे हं, वाचक हसून हसून लोळतील!" मी म्हटलं, लिहितो. ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. पंधरा वर्षं सांगतोय. पंचांच्या शिबिरात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, आणि धुळ्याच्या क्लबात तर मला पाहिलं की लोक नमस्काराऐवजी "काय सर, आत का आउट?" असंच विचारतात. गोष्टीतल्या बाई यावलच्या, कोल्हे मॅडम. छापायचं म्हणजे त्यांचं नाव येणार. "नाव छापणार असाल तर त्यांना एकदा विचारा तरी," असं आमच्या सौ. म्हणाल्या, म्हणून गेल्या महिन्यात यावलला जाऊन आलो. तिथून आल्यापासून ती गोष्ट पूर्वी सांगायचो तशी सांगता येत नाही. आज वेगळी सांगतो. हसायला कमी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या धुळ्या-जळगावकडे रेफरी म्हटलं की लोकांना शिट्टी आठवते. अहो, टेनिसमध्ये शिट्टीच नसते! चौतीस वर्षं मी हे काम केलं, आणि सख्ख्या मेहुण्याने परवापरवापर्यंत विचारलं, "दाजी, तुमची शिट्टी दिसली नाही कधी?" नोकरी धुळ्याच्या शाळेत, ड्रिलचा मास्तर. सुट्ट्यांमध्ये आणि रजा टाकून टेनिसचा पंच. परीक्षा देऊन मिळवलेला बिल्ला छातीवर लावला की मी वेगळाच माणूस व्हायचो. घरात साधा पंखा माझ्या शब्दावर बंद होत नाही, पण कोर्टावर माझा शब्द शेवटचा.

तर धंदा असा आहे. उंच खुर्चीवर बसून गुण सांगतो तो चेअर अंपायर. रेषांच्या टोकाला साध्या खुर्च्या टाकून बसतात ते लाइन अंपायर. आणि सगळ्या स्पर्धेचा बाप तो रेफरी. कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या काढणं, सामने कधी लावायचे ते ठरवणं, नेट मधोमध बरोबर तीन फूट आहे का ते सकाळी जाऊन मोजणं, आणि भांडण झालं की निकाल देणं, हे सगळं त्याच्याकडे. यात एक नियम आहे, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बॉल रेषेबाहेर पडला तर लाइन अंपायरने मोठ्याने 'आउट' म्हणायचं आणि हात आडवा करायचा. बॉल आत पडला तर काहीच म्हणायचं नाही. दोन्ही तळवे जमिनीकडे करून गप्प बसायचं. टेनिसमध्ये गप्प राहणं म्हणजे बॉल आत.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक मोठे साहेब होते, खातं सांगत नाही. ते डबल्सला उतरायचे आणि त्यांची सर्व्हिस नेटमध्ये गेली की बाहेर उभ्या शिपायाकडे बघायचे. नेटला नुसती घासून पलीकडे पडली तर 'लेट' म्हणतात, सर्व्हिस पुन्हा मिळते. साहेबांचा बॉल नेटमध्ये अडकून लटकत असायचा आणि शिपाई ओरडायचा, "लेट, साहेब, लेट!" मी खुर्चीवरून म्हणायचो, "फॉल्ट." तिसऱ्या वेळी साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्हाला धुळ्यातच राहायचंय ना?" मी म्हटलं, "हो साहेब. सेकंड सर्व्हिस."

अशी ऐट होती. आणि मग डावा कान गेला.

एकदम नाही गेला. उजव्या कुशीवर झोपलो की गजर ऐकू येईना, तिथून सुरुवात. डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, परत यायची नाही, कानाला मशीन लावा. मशीन लावलेला पंच कोण बोलावणार? घरी सौ.ना सांगितलं, बाहेर कोणाला पत्ता लागू दिला नाही. गंमत बघा, दरवर्षी आमच्याकडून डोळ्यांचं सर्टिफिकेट घ्यायचे. कानाचं कोणी मागितलंच नाही, आणि मी कशाला आठवण करून देतोय!

सगळ्यात अवघड होता तो लेटच. सर्व्हिस नेटच्या पट्टीला निसटती घासली तर बारीकसा आवाज होतो, तो मला येईना. दोन-तीनदा खेळाडूंनीच थांबून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग घरून सुतळी नेली. एक टोक नेटच्या वायरला, दुसरं माझ्या खुर्चीच्या हाताला, आणि माझं बोट सुतळीवर. बॉल घासला की बोटाला कळायचं. इतकं पक्कं कळायचं की दोन कान शाबूत असलेल्यांनाही कळत नसेल. कोणी विचारलं तर सांगायचो, "जुनी पद्धत आहे." नाशिकच्या एका तरुण अंपायरने तर पुढच्या स्पर्धेला स्वतःची सुतळी आणली. मी गंभीर तोंड करून त्याला गाठ कशी मारायची ते शिकवलं.

लाइनचे कॉल मात्र सुतळीवर येत नाहीत. ते मी हातांवरून ओळखायचो. हात आडवा झाला की आउट, तळवे खाली की आत. डोळ्यांत तेल घालून बसायचो. पण डोळे एकाच वेळी बॉलवर, खेळाडूवर आणि चार लाइन अंपायरच्या हातांवर राहत नाहीत, हे कोणताही अंपायर सांगेल. ज्याला ऐकू येत नाही त्याला आणखी एक रोग जडतो. आपलं काहीतरी सुटतंय या धाकाने तो नसलेलंही ऐकायला लागतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यातल्या जळगावच्या स्पर्धेला फार वजन होतं, आणि रेफरी मीच होतो. सोळा वर्षांखालच्या मुलींत जी जिंकेल तिला पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती. जागा एकच. राहणं, शाळा, सराव, सगळं तिथे. आमच्या भागातल्या मुलीला असं दार पुन्हा कधी उघडेल याची खात्री नव्हती. जळगावचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सकाळी सहाला सुरू करून दहाला बंद, मग संध्याकाळी पाचनंतर. लाल मातीचं कोर्ट, दोन सामन्यांच्या मध्ये पाणी मारलं तरी पंधरा मिनिटांत कोरडं ठाक.

अंतिम सामन्यात दोघी पोचल्या. एक चाळीसगावची सानिका, शाळेच्या भिंतीवर बॉल मारून मारून शिकलेली. भिंत जशी चुकत नाही तशी ती चुकायची नाही. दुसरी चोपड्याची मयूरी. तिच्या आजोबांनी, आबांनी, केळीच्या मळ्याच्या कडेला जमीन चोपून तिच्यासाठी कोर्ट केलं होतं. रेषा फक्कीच्या, आखून द्यायचे स्वतः आबाच. पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, आणि सामना असला की कोर्टाभोवतीच्या जाळीला नाक लावून उभे.

आबांची आणि माझी ओळख उपांत्य सामन्यातच झाली. सामना चालू असताना बाहेरून खेळाडूला सल्ला द्यायला बंदी असते. आबांचा हिशेब असा, की पंच बाहेरगावचे, त्यांना अहिराणी कुठून कळणार! ते जाळीबाहेरून खुशाल ओरडत होते, "पोरी, तिना बॅकहँड कच्चा शे! तठेच टाक, तठेच!" मी दोन पॉइंट ऐकून घेतलं. मग जाळीपाशी जाऊन म्हटलं, "आबा, माले बी अहिराणी येस. आते बोलनात ते पॉइंट कापसू." आबांनी जीभ चावली. शेजाऱ्याला म्हणाले, "अरे बापरे, हाऊ ते आपलाच शे!" त्यानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत, पण मयूरीच्या प्रत्येक फटक्याला त्यांचं अंग हलायचं.

आता कोल्हे मॅडम. यावलच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका, आणि कबड्डीच्या नावाजलेल्या पंच. आवाज असा की एका मैदानावर बोलल्या की शेजारच्या मैदानावरचा डाव थांबायचा. दोन वर्षांपासून सुट्ट्यांमध्ये माझ्याकडे टेनिसची पंचगिरी शिकत होत्या. नियमांची वही घेऊन यायच्या, शंका विचारून विचारून माझा जीव खायच्या. त्यांना बिल्ल्याच्या परीक्षेला बसायचं होतं. परीक्षेला बोलावणं यायला रेफरीच्या अहवालात शिफारस लागते, आणि या स्पर्धेच्या अहवालात मी ती करणार होतो. तसं मी त्यांना बोललोही होतो. बोलायला यायच्या तेव्हा त्या नेहमी माझ्या उजव्या हाताला उभ्या राहायच्या. मला ते सोयीचं पडायचं. का उभ्या राहतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

अंतिम सामन्याच्या सकाळी मी त्यांना बजावलं होतं, "मॅडम, ही कबड्डी नाही. बॉल आत पडला की गप्प." त्या म्हणाल्या, "काय सर, जन्मभर ओरडणाऱ्या बाईला तुम्ही गप्प बसण्याची शिफारस देणार!" आम्ही दोघं हसलो.

दुपारी नेमलेला चेअर अंपायर उन्हाने आडवा झाला. नियम सांगतो, रेफरीने शक्यतो खुर्चीवर बसू नये, कारण अंपायरचा निर्णय पटला नाही तर खेळाडूने रेफरीकडे दाद मागायची असते. मी दुसऱ्या कोणाला बसवू शकलो असतो का? प्रयत्न केला असता तर कदाचित. पण मला बसायचं होतं, खरं सांगतो. सुतळी बांधली आणि चढलो. म्हणजे त्या दिवशी कोर्टावर माझ्यावर कोणी नव्हतं.

पहिला सेट मयूरीने घेतला, दुसरा सानिकाने. तिसऱ्यात चार-चार झाले तेव्हा जाळीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. सानिकाचे वडील हातातल्या टोपीला पीळ देत होते. आबांनी डोळे मिटून घेतले होते, फटक्याचा आवाज झाला की उघडायचे. मला मात्र त्या गर्दीची गाज तेवढी डोक्यात भरत होती, त्यातून शब्द वेगळा काढता येत नव्हता. उजवा कान पुढे करून करून मान आखडली. घामाने सुतळी ओली झाली होती.

मयूरी पाच-चार पुढे गेली. सर्व्हिस तिचीच. चाळीस-तीस. एक पॉइंट, आणि पुण्याची जागा तिची.

सर्व्हिस चांगली पडली. सानिकाने परत केली. मग दोघी मारत राहिल्या, दहा फटके, पंधरा, कोणी सोडेना. आणि सानिकाने एक उंच, लांब फटका टाकला, माझ्या डाव्या हाताला, मयूरीच्या मागच्या रेषेपाशी. त्या रेषेवर कोल्हे मॅडम होत्या. बॉल पडला, धूळ उडाली, आणि माझ्या डाव्या बाजूने मला 'आ' ऐकू आलं. मान वळवतो तो मॅडमचा हात हलताना दिसला. कसा हलला, ते मी पाहिलं नाही. तेवढ्यावर मी माइकवर बोललो, "आउट! गेम, सेट अँड मॅच..."

मयूरीने रॅकेट टाकून दिली. आबा जाळीचं दार ढकलून आत आले, कोणी अडवायच्या आत. आणि त्या सगळ्या गलक्यात सानिका किंचाळली, ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. "सर, आत होता! खूण बघा, सर! खूण बघा!"

लाल मातीवर बॉलची खूण राहते. खेळाडूने मागितली तर अंपायरने खाली उतरून ती बघायचीच असते. मी उतरलो. "कोणी पाऊल टाकू नका, आहात तिथे थांबा!" असा ओरडलो की आबासुद्धा एक पाय उचललेला तसेच थांबले. रेषेपाशी वाकलो. खूण ताजी होती, अंडाकृती, आणि तिचा निम्मा भाग पांढऱ्या पट्टीवर. रेषेला शिवला तरी बॉल आतच. त्यात वादाला जागाच नव्हती.

मी सरळ उभा राहिलो. पाचावर धारण बसली म्हणतात ना, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. "बॉल आत आहे," मी म्हटलं. "पॉइंट पुन्हा खेळला जाईल." नियम तोच आहे. चुकीच्या कॉलने खेळ थांबला तर तो पॉइंट पुन्हा.

"मग आउट म्हटलं कोणी?" आबांनी विचारलं. आता ते अहिराणी सोडून स्वच्छ मराठीत बोलत होते, म्हणजे राग किती होता बघा. सानिकाचे वडील दुसऱ्या बाजूने आले. "हो, सांगा ना! मला तर कोणाचा आवाज आला नाही. सर, तुम्ही कोणाचं ऐकून आउट दिलंत?" लोक जाळीच्या दारातून आत यायला लागले. संयोजकांपैकी एक जण माझ्या डाव्या बाजूला उभा राहून काहीतरी विचारत होता, आणि मला त्याचे फक्त ओठ दिसत होते. चौतीस वर्षांत इतका एकटा मी कधी नव्हतो. एकाच्या जरी लक्षात आलं असतं की या माणसाला ऐकू येत नाही, तर सगळं तिथेच संपलं असतं.

तेवढ्यात कोल्हे मॅडम खुर्चीवरून उठल्या. कोर्ट ओलांडून, माझ्या मागून वळसा घालून माझ्या उजव्या हाताला आल्या आणि त्यांच्या त्या कबड्डीच्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूक माझी आहे. कबड्डीची सवय. बॉल आत पडला आणि माझ्या तोंडून 'आत' निघून गेलं. सरांना 'आउट' ऐकू आलं."

मग जाळीबाहेर कोणीतरी खी करून हसलं. "आत म्हणे! आउट ऐकू आलं!" आणि हसू सगळीकडे पसरलं. सानिकाचे वडीलसुद्धा हसले, संयोजकाने कपाळाला हात लावला. आबा हसले नाहीत. ते मॅडमच्या समोर जाऊन उभे राहिले. "ओ बाई, तोंडले कुलूप का नव्हतं तुमना? मनी नातनं बठ्ठं वाया गयं!" नातीचं सगळं वाया गेलं, हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मॅडम खाली बघत उभ्या राहिल्या. मी आबांना बाहेर जायला सांगितलं आणि खुर्चीवर चढलो. खरं तर तिथे माझं एखादं वाक्य यायला हवं होतं. मी सुतळी घट्ट केली.

पॉइंट पुन्हा झाला. मयूरीने सर्व्हिससाठी बॉल दोनदा वर टाकला आणि दोनदा न मारता हातात धरला. जिंकल्याचा आनंद एकदा करून झाल्यावर पुन्हा जिंकायला उतरणं फार वाईट. तिने बॉल नेटमध्ये मारला. ती गेम गेली, पुढच्या दोनही गेल्या, सात-पाच सानिका. सानिका पुण्याला गेली, आता तिथेच मुलांना शिकवते. मयूरी शेतकी शिकली. चांगली चालली आहे तिची नोकरी. पण ती मुलगी त्या दिवशी कोर्टाच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती, ते मला अजून दिसतं.

रात्री अहवाल लिहिला. 'तिसऱ्या सेटमध्ये लाइन अंपायर श्रीमती कोल्हे यांनी नियमबाह्य शब्द उच्चारल्याने चुकीचा कॉल दिला गेला.' शिफारशीचा रकाना रिकामा सोडला. चूक झाली आहे तर शिफारस कशी करणार, असं मीच मला समजावलं. आणि ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी जरा रंगवून. मॅडमच्या आवाजाची नक्कल करायचो, "आऽऽत!" लोक टाळ्या द्यायचे. नवशिक्या पंचांना सांगायचो, बघा, आपल्या मराठीत घात कसा आहे, 'आत' आणि 'आउट' किती जवळ! नाशिकला सांगितली, पुण्याला सांगितली. पुढे तीन वर्षांनी मी खुर्ची सोडली, मानाने सोडली. शाल, श्रीफळ, भाषणं. त्या समारंभातही एकाने ती गोष्ट सांगितली.

आता मोठ्या स्पर्धांत रेषेवर माणूसच नसतो. कॅमेरे बघतात आणि मशीनच 'आउट' ओरडतं. माझ्याही कानात मशीन आहे, नोकरी संपल्यावर लाज संपली आणि लावून घेतलं. ते लावून मी एसटीने अमळनेर, चोपडा करत यावलला पोचलो.

कोल्हे मॅडमही निवृत्त झाल्या आहेत. केस पांढरे, आवाज तोच. मला खुर्ची दिली आणि स्वतःचा स्टूल सरकवून माझ्या उजव्या हाताला बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आता कुठल्याही बाजूने बोला. मशीन आहे." त्यांनी माझ्या कानाकडे निरखून पाहिलं. केळीचे वेफर्स पुढे केले. मी म्हटलं, "ती आपली 'आत-आउट'ची गोष्ट दिवाळी अंकात लिहितोय. तुमचं नाव टाकू ना?" आणि सवयीने गोष्ट सांगूनही टाकली, नकलेसकट. त्या हसल्या नाहीत.

"सर, मशीन नीट चालतं ना?"

"चालतं की."

"मग ऐका. मी 'आत' म्हटलंच नव्हतं."

"म्हणजे... आउट म्हणाला होतात?"

"काहीच म्हटलं नव्हतं. तळवे खाली करून गप्प बसले होते. तुम्हीच शिकवलं होतं."

माझ्या हातातला वेफर तसाच राहिला. "मग मी काय ऐकलं?"

"ते मला काय ठाऊक, सर? कोणी काही बोललं नव्हतं." त्या शांतपणे सांगत होत्या. "तुमचा कान मला पहिल्याच वर्षी कळला होता, त्या सुतळीवरून. माझ्या सासऱ्यांचाही डावाच गेलेला. उजव्या बाजूने बोलायची सवय मला घरीच लागली होती."

"मग खोटं का बोललात?"

"दोन्हीकडची माणसं तुमच्या अंगावर येत होती. पंचालाच ऐकू येत नाही असं निघालं असतं तर चार दिवसांचे सगळे सामने रद्द झाले असते. ती जागा दुसरीकडे गेली असती आणि दोन्ही पोरी घरी बसल्या असत्या. सुचलं ते बोलले. म्हटलं, आत्ता वेळ निभावू दे, सर अहवालात खरं लिहितील." मग म्हणाल्या, "तुम्ही माझं नाव लिहिलंत."

मी म्हटलं, "मॅडम, मला खरंच वाटलं की तुम्ही..." आणि पुढे बोलवेना. कारण ते पूर्ण खरं नव्हतं. त्या कोर्ट ओलांडून माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चूक झालेल्या माणसाचा भाव नव्हता. मी पंच आहे, हजारो चेहरे पाहिलेत, मला तो फरक कळतो. त्या दिवशीही कळला होता. मी कानाडोळा केला. कान बिघडलेला होता, डोळा तर चांगला होता ना!

"मी काही देवी नाही, सर," त्या म्हणाल्या. "राग आला होता. अजून आहे. परीक्षेचं बोलावणं आलं नाही, ते एक वेळ सोडा. पण पुढे कबड्डीच्या मैदानावरही मला 'आत मॅडम' म्हणायला लागले. तुमची गोष्ट रावेरपर्यंत पोचली होती."

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, नीट मागता आली नाही. नाव टाकू का, हे पुन्हा विचारायचा धीर नव्हता. मी उठलो तेव्हा त्यांनीच विषय काढला. "लिहा ना. पण नीट लिहा. अहवाल लिहितात तसं."

म्हणून आज तो अहवाल दुरुस्त करतो. पाठवायला पंधरा वर्षं उशीर झाला आहे आणि घ्यायला आता कोणी नाही, तरी वाचकांनी जुन्या वाक्याच्या जागी हे वाचावं.

'तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार, चाळीस-तीस असताना चेंडू रेषेवर, म्हणजे आत पडला. लाइन अंपायर श्रीमती कोल्हे यांनी दोन्ही तळवे जमिनीकडे करून मौन पाळले. त्यांचा कॉल अचूक होता. चेअर अंपायरला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते व त्याने ते लपवले होते. श्रीमती कोल्हे यांची पंच परीक्षेसाठी शिफारस करण्यात येत आहे. रेफरी, वाणी.'